साठ बाटल्या केळीच्या पानांची पूड

नानांनी माझ्या टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. रावेर तालुक्यात सातपुड्याच्या बाजूला त्यांची केळी आहे. एकाच दिवशी, एकाच बागेतून काढलेली पानं त्यांनी अर्धी अर्धी करून दोन प्रयोगशाळांत दिली होती. एका कागदावर जस्त १४ पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत १४ भाग, दुसऱ्यावर ३१.

"ताई, पान तं एकच व्हतं. मंग मी कोनाचं आयकू?"

केळीच्या वरून तिसऱ्या पानाच्या पात्यात जस्त १८ पीपीएमच्या खाली गेलं की उणीव धरतात. म्हणजे एका कागदाप्रमाणे झिंक सल्फेट फवारायचं, दुसऱ्याप्रमाणे बागेत पाऊलही टाकायचं नाही. आपल्याकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जस्त आणि लोह असूनही पिकाला मिळत नाही, त्यामुळे हा आकडा नानांसाठी नुसता आकडा नव्हता. आणि १४ वाला कागद आमच्या प्रयोगशाळेचा होता.

मी नोंदवही काढून बसले. यंत्राचं कॅलिब्रेशन बरोबर होतं, प्रमाणित द्रावणं ताजी होती, पान न घालता चालवलेल्या कोऱ्या नमुन्यात काही आलं नव्हतं. सगळं ठीक दिसत होतं, आणि त्यातच खरी मेख होती. प्रमाणित द्रावण म्हणजे आम्लयुक्त पाण्यात विरघळवलेलं जस्त. ते यंत्राची परीक्षा घेतं. पण पान धुण्यापासून दळण्या-जाळण्या-गाळण्यापर्यंत जे काही बिघडतं, त्याची परीक्षा घ्यायला ज्याच्यातलं जस्त आधीच ठाऊक आहे असं *पान* हवं. आमच्याकडे ते नव्हतं.

असं पान विकत मिळतं. अमेरिकेच्या एनआयएसटी या मोजमापाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेची सफरचंदाच्या, पीचच्या, टोमॅटोच्या पानांची पूड जगभरच्या प्रयोगशाळा वापरतात. सफरचंदाच्या पुडीत जस्त साडेबारा पीपीएमच्या आसपास आहे, हे शंभर हातांनी तपासलेलं असतं. ही परंपरा जुनी आहे. १९६० च्या दशकात बोवेन या ब्रिटिश रसायनशास्त्रज्ञाने केल नावाच्या पालेभाजीची मोठी रास वाळवून, दळून, देशोदेशींच्या प्रयोगशाळांना वाटली. सगळ्यांच्या हातात एकच पूड आणि उत्तरं मात्र भलतीच पांगलेली. तेव्हा कुठे लोकांना कळलं की प्रश्न यंत्रांचा कमी आणि पद्धतींचा जास्त आहे. पुढे १९७१ मध्ये अमेरिकेत फळबागेच्या पानांची पहिली प्रमाणित पूड निघाली. नानांचे दोन कागद म्हणजे तीच गोष्ट, रावेरात घडलेली.

पण ती बाटली फार महाग. रोजच्या कामात ती उधळता येत नाही. शिवाय सफरचंदाचं पान म्हणजे केळीचं पान नव्हे. सफरचंदाच्या पुडीत पालाश, म्हणजे पोटॅशियम, दीड टक्क्याच्या थोडं वर, केळीच्या पात्यात तीन टक्के आणि त्याहूनही जास्त. केळीच्या पानात वाळूसारखी सिलिकाही भरपूर. पालाशचा आणि सिलिकाचा आम्लात आणि मोजणी यंत्राच्या ज्वालेत होणारा त्रास सफरचंदाचं पान दाखवणारच नाही. आमच्या प्रयोगशाळेतले सर म्हणाले, "विकतची बाटली जपून ठेव, ती आपली फुटपट्टी. रोजच्या वापराची पूड आपण करू. केळीचीच." प्रमाणपत्र देण्याइतकी आमची ऐपत नाही, ते काम आंतरराष्ट्रीय नियमांत बसणाऱ्या संस्थांचं. आम्हाला फक्त घरचा, विश्वासाचा साक्षीदार हवा होता.

पहिला प्रश्न, कोणती पानं? इथे मला बरेच दिवस एक गोष्ट उमगत नव्हती. शेताचं निदान करायचं तेव्हा निसवणीच्या, म्हणजे केळफूल बाहेर पडण्याच्या, वेळी तिसरंच पान, त्याच्या मधल्या भागातली शिरेच्या दोन्ही बाजूंची पट्टी, पंचवीस-तीस झाडांवरून, असं काटेकोर घ्यावं लागतं, कारण ते पान अख्ख्या बागेच्या वतीने बोलत असतं. संदर्भ पूड मात्र कोणाच्याच वतीने बोलत नाही. तिने फक्त स्वतःशी प्रामाणिक राहायचं. पहिल्या बाटलीतली चिमूट आणि साठाव्या बाटलीतली चिमूट सारखी असली पाहिजे, बस. मग निसवणीतलं तिसरं पान कापून कोणाच्या घडाचं वजन का घटवायचं? नानांच्या कांदेबागेत, म्हणजे पावसाळ्याअखेरी लावलेल्या केळीत, घड कापून झालेली खोडं उभी होती. त्यांचीच हिरवी पानं घ्यायची ठरली.

फवारणीची चौकशी मात्र कसून केली. करप्यासाठी आपल्याकडे मॅन्कोझेब सर्रास मारतात, आणि मॅन्कोझेबमध्ये मँगनीज आणि जस्त दोन्ही असतात. तांबेयुक्त बुरशीनाशकाचंही तेच. नानांच्या एका तुकड्यात पंधरवड्यापूर्वीच फवारा झाला होता, तो सोडला. दुसऱ्या तुकड्यात त्या हंगामात एकही फवारा नव्हता.

सत्तरेक पानं निघाली. दांडा आणि मधली जाड शीर बाजूला काढून पातं उरलं वीसेक किलो. नानांच्या सुनेने आणि मी मिळून ती धुतली. आधी विहिरीचं पाणी, मग अगदी पातळ साबणाचं पाणी, मग ०.१ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात अर्ध्या मिनिटापुरती बुडी, मग प्रयोगशाळेतून कॅनमध्ये नेलेलं ऊर्ध्वपातित पाणी दोनदा. आम्लात जास्त वेळ ठेवलं तर पानातलंच काही निघून जाईल. बादल्या सगळ्या प्लॅस्टिकच्या, कारण जस्ताचा मुलामा दिलेली पत्र्याची बादली म्हणजे नमुन्यात जस्त कालवणं. बांगड्या, अंगठ्या काढून ठेवलेल्या. रबरी हातमोजे नकोत, रबर तयार करताना झिंक ऑक्साइड घालतात, म्हणून पॉलिथिनचे. नानांची सून म्हणाली, "देवाच्या नैवेद्याले बी एवढं सोवळं नसतं." पण तिने शेवटच्या पानापर्यंत तितकंच निगुतीने धुतलं.

गच्चीवर पानं वाळत घालायचा मोह होतो. फेब्रुवारी-मार्चचं खानदेशी ऊन फुकटात मिळतं. पण त्याबरोबर धूळही फुकट येते. आपल्या काळ्या मातीत लोह ५ टक्के धरलं, तरी एक ग्रॅम पुडीत एक मिलिग्रॅम माती मिसळली की लोह ५० पीपीएमने वाढतं. पानात मुळात लोह शंभराच्या आसपास, म्हणजे चिमूटभर धुळीने आकडा दीडपट. म्हणून वाळवणी बंद ओव्हनमध्ये, ६० ते ६५ अंशांवर, तीन दिवस, नायलॉनच्या जाळीवर. पानं कुरकुरीत झाली, हिरवा रंग शाबूत राहिला. वीस किलोची सव्वाचार किलो झाली.

यानंतर मी जी चूक केली तिने आमचे दोन महिने घेतले, पण या सगळ्या खटाटोपात सर्वांत जास्त मी तिच्यापासूनच शिकले.

दळायला आमच्याकडे स्टीलच्या पात्याचं यंत्र होतं, रोजचे नमुने त्यातच दळतो. चाळायला पितळी चाळणी, तीही रोजचीच. चार दिवसांत चार किलो हिरवी, मऊ पूड तयार झाली. ती बघून मला फार समाधान वाटलं. सरांनी एकच काम सांगितलं. त्याच वाळलेल्या पानांची थोडी चुरगळ अकीक या कठीण दगडाच्या खलात हाताने घोटून बाजूला ठेव, आणि दोन्ही एकाच दिवशी मोज.

दोन्ही मोजल्या. अकीकाच्या खलातल्या पुडीत तांबं ९, यंत्राच्या पुडीत २३. जस्त १९ चं २८ झालेलं. लोह पंधरा पीपीएमने चढलेलं, आणि आधी जेमतेम अर्धा पीपीएम असलेलं क्रोमियम चारवर. सफरचंदाची पूड सोबत चालवली होती, तिचे आकडे अगदी जागेवर. म्हणजे यंत्र खरं बोलत होतं.

सरांनी फळ्यावर नुसत्या वजाबाक्या लिहिल्या. तांब्यात १४ ची वाढ, जस्तात ९ ची. साधारण तीनास दोन. पितळ म्हणजे दुसरं काय असतं? क्रोमियममध्ये साडेतीन, निकेलमध्ये दीड, बाकी लोह. भांड्यांच्या स्टीलमध्ये क्रोमियम १८ टक्के आणि निकेल ८ टक्के असतं. वाढीचं गुणोत्तर त्याला जाऊन चिकटलं. केळीच्या पानातल्या सिलिकाने पॉलिश पेपरसारखं काम केलं होतं. पातं झिजवलं, मग चाळणी खरवडली, आणि ते सगळं पुडीत उतरलं. मी चाळणीवर ब्रशने पूड रगडली होती, त्याने भर पडली.

मला त्या रात्री झोप लागली नाही. पूड वाया गेली म्हणून नव्हे. त्याच पात्याने आणि त्याच चाळणीने आम्ही वर्षानुवर्षं शेतकऱ्यांचे नमुने दळत आलो होतो. दुसऱ्या दिवशी पितळी चाळण्या कपाटात बंद केल्या, त्या पुन्हा वनस्पती नमुन्यांसाठी काढल्या नाहीत.

नानांकडे पुन्हा गेले. काही विचारलं नाही त्यांनी, पोराला हाक मारली आणि विळा मागवला.

दुसऱ्या खेपेला दळणी झिर्कोनिया या अतिशय कठीण सिरॅमिकच्या भांड्यात, झिर्कोनियाच्याच गोळ्यांनी केली. हे यंत्र दुसऱ्या एका विभागाकडून उसनं आणलं. गोळ्या झिजल्या तर पुडीत झिर्कोनियम येईल, पण ते आम्ही मोजतच नाही. प्रदूषण शून्य करता येत नाही. ते आपल्याला नडणार नाही अशा धातूचं निवडता येतं. अडचण एवढीच की त्या भांड्यात एका वेळी ऐंशी ग्रॅमच मावत. वाळलेली पानं पॉलिथिनच्या पिशवीत हाताने चुरायची, भांड्यात भरायची, दहा मिनिटं फिरवायची, तापलं की थांबायचं, पुन्हा फिरवायची. असे पन्नासच्या वर घाणे. चाळणी नायलॉनच्या कापडाची, प्लॅस्टिकच्या कड्यात ताणून बसवलेली. वर राहिलेलं भरड पुन्हा दळायचं. शेवटी काही चिवट तंतू उरले, ते सरळ फेकले. शेतकऱ्याच्या नमुन्यात असं करणं चूक ठरतं, कारण मग उरलेली पूड पानाचं खरं चित्र दाखवत नाही. इथे पूड स्वतःचंच चित्र असल्याने चाललं.

तीन किलोच्या वर बारीक पूड जमली. पण ती पन्नास वेगवेगळ्या घाण्यांची होती. आता ती एकजीव करायची. वीस लिटरचा प्लॅस्टिकचा ड्रम घेतला, निम्म्याहून कमी भरला, म्हणजे आत पुडीला कोसळायला जागा राहील, आणि तो तिरका बांधून रुळांवर फिरवत ठेवला. तीन दिवस, रोज सहा तास. एप्रिलच्या कोरड्या हवेत प्लॅस्टिकवर वीज साठते आणि बारीक पूड भिंतीला चिकटून बसते. चिकटलेली बारीक आणि खाली पडलेली भरड वेगळी झाली की मेहनत फुकट. दर तासाला ड्रम थांबवून बाहेरून थोपटायचा, आणि खोलीत ओली गोणपाटं टांगायची, हा उपाय आमच्या प्रयोगशाळेतल्या दादांनी काढला. तो लागू पडला.

बाटल्या भरतानाही एक युक्ती पाळली. ड्रममधून ओतताना सुरुवातीची आणि शेवटची पूड थोडी वेगळी असू शकते. म्हणून १ ते ६० क्रमाने प्रत्येक बाटलीत पंचवीस ग्रॅम भरले, आणि उरलेले पंचवीस ग्रॅम उलट्या क्रमाने, ६० पासून १ पर्यंत. तपकिरी काचेच्या बाटल्या, प्लॅस्टिकची झाकणं, रबरी बूच कुठेही नाही. नंतर त्या कोबाल्ट-६० च्या गॅमा किरणांखाली २५ किलोग्रेचा (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) डोस देऊन आणल्या, पावसाळ्यात बुरशी लागू नये म्हणून. "किरणं मारली तं पूड घातक नाई ना व्हणार?" असं नानांनी फोनवर विचारलं होतं. गॅमा किरणांनी वस्तू किरणोत्सर्गी होत नाही, जंतू मात्र मरतात, हे मी त्यांना समजावून सांगितलं.

मग एकजीवपणाची परीक्षा. साठातून दहा बाटल्या चिठ्ठ्या टाकून निवडल्या, पण प्रत्येक सहांच्या गटातून एक यावी अशा बेताने. प्रत्येकीतून तीन वेळा अर्धा ग्रॅम, असे तीस नमुने. ते बाटलीच्या क्रमाने मोजायचे नाहीत, फेटून मोजायचे, नाहीतर दुपारपर्यंत यंत्र जरा सरकलं तर बाटल्याच वेगळ्या आहेत असं वाटेल. गणित साधं आहे. बाटली-बाटलीतला फरक हा एकाच बाटलीतल्या तीन चिमटींमधल्या फरकापेक्षा लक्षणीय मोठा आहे का, एवढंच पाहायचं. जस्त, तांबं, मँगनीज उत्तम निघाले. लोह थोडं अस्वस्थ होतं, पण चालण्याजोगं. कमीत कमी अर्धा ग्रॅम घ्यायचा, हे मी लेबलवर ठळक लिहिलं. त्याहून लहान चिमटीला ही हमी लागू नाही.

लोहाचं कारण आम्हाला भांड्याच्या तळाशी दिसलं. नायट्रिक आम्ल आणि हायड्रोजन पेरॉक्साइड घालून मायक्रोवेव्हमध्ये पान विरघळवलं की तळाला पांढरी बारीक वाळू उरते. ती केळीची सिलिका. तिच्यात थोडं लोह आणि ॲल्युमिनियम अडकून राहतं. ती विरघळवायची तर हायड्रोफ्लोरिक आम्ल लागतं. ते कातडीतून हाडापर्यंत जातं, जवळ कॅल्शियम ग्लुकोनेटचा मलम ठेवल्याशिवाय त्याला हात लावायचा नसतो. विद्यार्थी जिथे वावरतात त्या खोलीत ते आणायला मी तयार नव्हते. म्हणून लोहापुढे आम्ही लिहिलं, "नायट्रिक आम्लात निघणारं लोह". आकडा थोडा कमी असेल, पण कशाचा आहे ते स्पष्ट आहे.

जुलैत आणखी एक गोष्ट लक्षात आली. मे महिन्यात ज्या बाटलीतल्या पुडीत ओल चार टक्के होती, तिचं झाकण पावसाळ्यात दोन-चारदा उघडल्यावर ती आठ टक्क्यांवर गेली. पाण्याचं वजन वाढलं म्हणजे तेवढ्याच ग्रॅममध्ये पान कमी, आणि जस्तही कमी. तेव्हापासून दर वेळी पुडीची एक वेगळी चिमूट वाळवून ओल काढायची आणि हिशेब कोरड्या वजनावर करायचा, हा नियम झाला. वाळवलेली चिमूट पुन्हा बाटलीत टाकायची नाही. टिकाऊपणासाठी काही बाटल्या उणे २० अंशांत ठेवल्या आणि काही ४० अंशांच्या कपाटात. भुसावळचा मे ज्याने अनुभवला आहे त्याला ४० अंश फार कडक परीक्षा वाटणार नाही, पण कपाटात ते रात्रंदिवस असतात.

खरा आकडा ठरवायला पूड आणखी काही प्रयोगशाळांकडे पाठवली, प्रत्येकीसोबत नाव न लिहिलेल्या पाकिटात सफरचंदाच्या पानांची पूड. ज्यांचं सफरचंद चुकलं त्यांची केळी धरली नाही. उरलेल्यांतून जस्त आलं १९, एकाने इकडे-तिकडे.

आणि मग मी ते केलं ज्याची मला मनातून धास्ती होती. हीच पूड, आमच्या जुन्या पद्धतीने, जशी नानांचा नमुना केला होता तशीच, हॉटप्लेटवर उघड्या बीकरमध्ये आम्लात जाळली, गाळली आणि मोजली. आकडा आला १६. तीन वेळा केलं, तीनही वेळा १६ च्या आसपास. गाळणकागदावरचा साका आम्ही एकदाच धूत होतो. तो गरम पातळ आम्लाने आणखी तीनदा धुऊन ते पाणीही धरलं, तर राहिलेलं जस्त त्यात सापडलं. किती नमुन्यांतलं जस्त आम्ही असं कागदाबरोबर कचऱ्यात टाकलं असेल!

नानांच्या पानांची उरलेली पूड आमच्या कपाटात लिफाफ्यात होती. मी ती नव्या पद्धतीने, ३७ नंबरच्या बाटलीतली पूड शेजारी ठेवून मोजली. ३७ ने १९ दिलं. नानांचं जस्त आलं १७, एकाने इकडे-तिकडे.

दिवाळीनंतर ते आले तेव्हा मी दोन्ही जुने कागद समोर ठेवून आमचा कागद कुठे चुकला ते सगळं सांगितलं. १७ म्हणजे रेषेच्या अगदी जवळ, खाली आहे असंही छातीठोक म्हणता येत नाही, हेही सांगितलं. त्यांनी नवा कागद दोनदा वाचला, चष्मा काढला.

"मंग आठ तास फवारतो, आठ तास तसेच ठेवतो," ते म्हणाले. तास म्हणजे केळीच्या ओळी. "निसवनीले या ताई, दोन्हीकडची पानं न्या. पन तुमची ती बाटली संगं लावा."

नव्या बागेची निसवण फेब्रुवारीत धरली आहे. लिफाफ्यांवर तासांचे नंबर मी आत्ताच घालून ठेवलेत.